तिला विचारलंस का गं?

अगं, आधी ती कागदांची पिशवी खाली ठेव आणि जरा टेक. लेकीचं प्रमाणपत्र कुठं काढायचं, पगार कसा चालू करायचा, खुर्ची कोण देतं, शाळेचं काय, आणि आपल्यामागं तिचं कोण बघणार, हे सगळं एकाच दुपारी सोडवायला बसलीस तर डोकं फिरणारच. यातलं आजच्या आज करायचं फार थोडं असतं, बघ. बाकीचं ओळीनं करायचं. जी बाई घरची जनावरं, पाटाच्या पाण्याची पाळी आणि सासऱ्यांचं पथ्य एका वेळी सांभाळते, तिला चार अर्ज भरणं जड जायचं नाही.

मी लेक म्हणतेय, पण तुझ्या घरात दीर असेल, भाऊ असेल, अपघातानंतर घरी बसलेला नवरा असेल, तर तसं वाच. माझ्याकडं धाकटा भाऊ आहे, चाकाच्या खुर्चीवर. त्याच्यामुळं जे कळलं तेच सांगतेय. खरं सांगू का, सगळ्यात मोठी गोष्ट अर्जाबिर्जात नाहीच. मदत आणायची ती तिचं आयुष्य आपल्या ताब्यात घ्यायला नाही, तिच्या ताब्यात द्यायला. एवढं धरून ठेवलंस की कोणती योजना कशासाठी घ्यायची हे तुझं तुलाच कळत जाईल.

चल, कागदांपासून सुरू करू, कारण त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. पहिलं काम यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगाचं ओळखपत्र. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानलेत. हातपाय, डोळे, कान तर आहेतच, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, सिकलसेल, अभ्यासातली अक्षमता, मानसिक आजार हेही आहेत. तेव्हा 'आमचीचं वरून काही दिसत नाही, तिला कोण देतंय' असं घरात बसून ठरवू नकोस. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० पासून ८० च्या आत पिवळं, आणि ८० पासून वर निळं.

अर्ज ऑनलाइन असतो. मोबाइलवरून जमला तर उत्तम, नाहीतर सेतू किंवा सीएससी केंद्रात जा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आजवरच्या उपचाराचे कागद ठेव. अर्जात तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं असतं. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून आहे. जवळचं तेच निवड, पण आधी एवढं विचारून घे की आपल्या प्रकारचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाहीत त्या दिवशी ऐकू न येणाऱ्या पोरीला घेऊन गेलीस तर भाडं आणि दिवस दोन्ही वाया.

आणि मूळ कागद न्यायला विसरू नकोस गं. मी एकदा सगळ्या झेरॉक्स छान फायलीला लावून नेल्या, आणि मूळ कागद घरी ट्रंकेत, वर कुलूप लावून एकदम सुरक्षित! भाऊ परतीच्या गाडीत इंदापूर येईपर्यंत हसत होता. तेव्हापासून निघण्याआधी फाईल तोच तपासतो, माझ्यावर त्याचा भरवसा नाही.

तपासणीच्या वेळी एक गोष्ट सांभाळ. आपण आया अभिमानानं सांगतो, 'सगळं करते हो ती स्वतःचं.' करते, पण कशी? बटण लावायला पाव तास लागत असेल तर तसं सांग. जिना चढताना भिंत धरावी लागते, रात्री दिसत नाही, तेही सांग. वाढवून नको आणि झाकूनही नको. आणि डॉक्टरांनी तिला विचारलं तर उत्तर तिलाच देऊ दे. प्रमाणपत्र कायमचं मिळालं की मुदतीचं, हे तिथंच वाचून बघ. लहान मुलांचं बऱ्याचदा मुदतीचं असतं. ती तारीख कालनिर्णयवर लिहून ठेव, नाहीतर ऐन कामाच्या वेळी कळतं की कागदाची मुदत कधीच सरली.

आता पैशाचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना महिन्याला दीड हजार मिळायचे, ते ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झाले. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक लागतं. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं हवं आणि आधारवरचं नाव, पासबुकावरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एका ठिकाणी बापाचं नाव आणि दुसरीकडं नवऱ्याचं असलं की गाडी तिथंच अडते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकवू नकोस.

आणि ऐक, खातं तिच्या नावावर काढ. लहान असेल तर तुझ्याबरोबर जोडून, पण मोठी झाली की तिच्या एकटीच्या नावावर. कायद्यानंच दिलंय की दिव्यांग व्यक्तीला स्वतःची मालमत्ता बाळगायचा आणि स्वतःचे पैसे स्वतः सांभाळायचा बरोबरीचा हक्क आहे. अडीच हजारातले सगळे घरखर्चात गेले तरी निदान दोनशे तिच्या हातात राहू देत. तिनं त्याची पावडर आणली, पाणीपुरी खाल्ली, रिचार्ज मारला, तर तू हिशोब विचारू नकोस. आपण आपल्या भिशीचा हिशोब कुणाला देतो का?

ग्रामपंचायतीचंही सांगते, कारण बऱ्याच जणींना माहीतच नसतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. नगरपरिषदेलाही तोच नियम. हे पैसे कशावर खर्चावेत हे ग्रामसभेत बोलता येतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तू जा, लेकीलाही ने, आणि मागच्या वर्षीचा निधी कशावर खर्चला हे ग्रामसेवक भाऊसाहेबांना सगळ्यांसमोर नीट विचार. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. वाटून घेतलेली रक्कम चार दिवसांत संपते. पण शाळेला, दवाखान्याला, ग्रामपंचायतीच्या दाराला उतार बांधला तर तो वर्षानुवर्षं राहतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही त्याचाच आधार होतो, मग तीही तुझ्या बाजूनं बोलतात. कुठंच दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथं लेखी तक्रार करता येते. पोच मात्र सही-शिक्क्यासकट घे.

आता साधनं. केंद्राची एडीआयपी नावाची योजना १९८१ पासून चालू आहे. खुर्ची, कुबड्या, तीनचाकी, श्रवणयंत्र, पांढरी काठी, कॅलिपर असं त्यातून मिळतं. घरचं महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजारांच्या आत असेल तर फुकट, तीस हजारांपर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. बरीचशी साधनं कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्याची असतात. या साधनांची शिबिरं दोन टप्प्यांत होतात, हे लक्षात ठेव. पहिल्यांदा तपासणी आणि मापं, आणि काही महिन्यांनी वाटप. पहिल्या दिवशी मिळालेली पावती हरवलीस तर वाटपाच्या दिवशी रांगेत उभं राहून रडावं लागेल. कृत्रिम पायासाठी पुण्यात साधू वासवानी मिशन आहे, तिथं मोफत बसवून देतात.

पण फुकट मिळतंय म्हणून मिळेल ते घरी आणू नकोस. खुर्ची अंगाला बसली पाहिजे. बसल्यावर दोन्ही बाजूंना हात जाईल एवढीच जागा हवी, पाय खाली लोंबता कामा नयेत, आणि बसायला चांगली गादी हवी. ज्यांना कमरेखाली कळत नाही त्यांना एका जागी बसून जखमा होतात, आणि त्या कळतही नाहीत. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलायचं, आणि झोपलेल्या माणसाची कूस दोन-दोन तासांनी बदलायची. श्रवणयंत्र घेतलंस तर सेल कुठं मिळतात, साचा सैल झाला तर कोण बदलून देतं, हे त्याच दिवशी विचार. नाहीतर यंत्र डबीत, डबी कपाटात आणि पोरगी परत खुणा करायला मोकळी.

खरी गंमत घरात आहे, बघ. घर बदललं की अर्धी मदत लागतच नाही. उंबरठा बघ आधी. सासूबाई म्हणतील लक्ष्मी त्यावरून येते. येऊ दे की, उतारावरून आणखी सोपं जाईल तिला! उतार करताना एक हिशोब पाळ. एक फूट उंची असेल तर बारा फूट लांबी. गवंडी म्हणेल, 'एवढा कशाला, चार फुटांत बसवतो.' बसवेल, पण त्या घसरगुंडीवरून खुर्ची एकटीनं चढवता येत नाही, उतरताना तोंडावर पडायची भीती. दार तीन फूट मोकळं हवं. मोरीत भिंतीला पक्का दांडा, फरशी खडबडीत, आणि बसायला पाट किंवा स्टूल. संडास भारतीय असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. कपड्यांची दोरी, खुंटी, लाइटचं बटण, पाण्याचा माठ तिच्या हाताच्या उंचीवर आणायला खर्च जवळजवळ काही नाही. माठ खाली आणला त्या दिवसापासून तिला पाण्यासाठी हाक मारावी लागत नाही. दिवसातून दहा वेळा कुणाला तरी हाक मारणं काय असतं, हे आपल्याला कळत नाही, कारण आपण उठून जातो.

डोळ्यांनी दिसत नसेल तर घरातल्या वस्तूंची जागा हलवायची नाही. साखरेचा डबा ज्या फळीवर, त्याच फळीवर. माझ्यासारख्या दर दिवाळीला स्वयंपाकघर उलटंपालटं करणाऱ्या बाईनं हे विशेष ऐकावं. मोबाइलमध्ये टॉकबॅक चालू केलं की फोन वाचून दाखवतो, त्याला पैसे पडत नाहीत.

आता स्वयंपाक. तिला चुलीपाशी, गॅसपाशी येऊच द्यायचं नाही, असं करू नकोस. बसून काम करता येईल एवढ्या उंचीचं टेबल घे, शेगडी त्यावर ठेव, नळी नीट बांध, आणि पहिले काही दिवस शेजारी थांब. भाजी तिला निवडू दे, पीठ मळू दे. पहिली भाकरी थापताना तुटेल. तुझी तुटली नव्हती का? माझी तर तव्यापर्यंत कधी अखंड गेलीच नव्हती, तरी आज माहेरची माणसं माझ्या हातची भाकरी मागून खातात.

शाळेचं सांगायचं तर, लवकर कळणं महत्त्वाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. 'उशिरा बोलेल, बाप पण उशिरा बोलला होता' असं म्हणून त्या दिवशी पोर घरी ठेवू नकोस. ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथं तुम्हाला योग्य वाटेल तिथं. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना भेट, ते शाळेतल्या गुरुजींना समजावतात, आणि जी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत त्यांना घरी जाऊन शिकवायचीही सोय आहे. दहावी-बारावीला लेखनिक मिळतो, तासामागं वीस मिनिटं जादा मिळतात. पण ते आयत्या वेळी मागून मिळत नाही. शाळा परीक्षेचा फॉर्म भरते तेव्हाच कागद दिला पाहिजे.

प्रवास हा मात्र तुझ्याच काळजाची परीक्षा घेणारा विषय. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बरोबरच्या माणसालाही निम्मं तिकीट. सवलत आहे, पण ती एकटी जाईल का? जाईल गं. आधी तू बरोबर जा, पण मागच्या सीटवर बस. तिकीट तिला काढू दे, कार्ड तिला दाखवू दे. पुढच्या वेळी तू गाडीत बसवून दे आणि उतरवायला मावशी स्टँडवर असू दे. मग तिला एकटीला जाऊ दे, इंदापूर ते बारामती, भिगवण ते बारामती, जे जवळ असेल ते. पोचल्यावर फोन कर म्हण, पण वाटेत सात फोन करू नकोस. माझा भाऊ फोनच बंद करून ठेवायचा, आणि त्याचं अगदी बरोबर होतं.

तोच भाऊ एकदा हॉटेलात म्हणाला, 'ताई, वेटर मला विचारतोय आणि उत्तर तू देतेस.' मी त्याच्यासाठी कमी साखरेचा चहा सांगून मोकळी झालेले, आणि त्याला हवी होती मिसळ! मिसळ घेऊनही तो मला ऐकवत होता. तेव्हापासून मी तोंडावर बोट ठेवते. जमत नाही फार वेळ, पण ठेवते. दुकानदार, डॉक्टर, कंडक्टर, पाहुणे, सगळे तिच्याबद्दल तुलाच विचारतात, बघ. 'हिचं नाव काय?' 'हिला काय पाहिजे?' तू फक्त तिच्याकडं बघ आणि गप्प राहा. दोन क्षण अवघड जातात, मग ती बोलते.

कामाधंद्याचा विचार शिक्षण संपायच्या आधीपासून कर. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत. धंदा करायचा असेल तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज आहे, बीजभांडवल योजना आहे. दिसत नसलेल्या मुलांना पुढं शिकायचं असेल तर पुण्यात विश्रांतवाडीला मीराताई बडव्यांची 'निवांत' ही संस्था आहे. आणि कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तुला माहीत असतीलच. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, पण त्यांनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. सिंधुदुर्गात त्यांच्या 'स्वप्ननगरी'त दिव्यांग माणसं काजूवर प्रक्रिया करायला लागली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र लेकीला आणून दे. त्यांनाही आधी दुसऱ्या एका खुर्चीवरच्या माणसानं, बाबूकाका दिवाणांनी, धीर दिला होता. म्हणून सांगते, लेकीला तिच्यासारख्या मोठ्या माणसांना भेटव. आपण हजारदा 'होईल गं' म्हणतो त्यापेक्षा स्वतःचं दुकान चालवणारा एक माणूस बघितलेला बरा.

आपल्या उजनी धरणाच्या पलीकडचा, करमाळ्याचा सुयश जाधव बघ. लहानपणी विजेचा धक्का बसून दोन्ही हात गेले, आणि तो पोहत पोहत २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकला गेला. कौतुक आहेच. पण तुझ्या लेकीनं पदक आणलंच पाहिजे असं नाही हं. तिनं बाजारात जाऊन स्वतःच्या पसंतीची मेथी घासाघीस करून आणली तरी माझ्या लेखी तेवढंच मोठं.

आता तो प्रश्न, जो तू रात्री झोप उडाल्यावर स्वतःला विचारतेस. आपल्यामागं काय? त्याचीही तयारी करता येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि आधी तपासणीची अट नाही. याच चार प्रकारांत मूल अठराचं झालं की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. गरज असेल तरच, बरं का. जिला आपले निर्णय कळतात तिच्या डोक्यावर पालक बसवायचा नाही. मोठ्या वयाच्या मुलांसाठी मुळशीत कोळवणला साधना व्हिलेज १९९४ पासून आहे, तिथं बौद्धिक अक्षमता असलेली माणसं घरासारखी एकत्र राहतात. एकदा नुसतं बघून ये. ठेवायला म्हणून नाही, तसंही जगता येतं हे कळायला.

भावंडांशी आत्ताच बोल. पण 'आमच्यानंतर तुलाच बघायचंय' असं धाकट्या पोराच्या गळ्यात टाकू नकोस. 'तिला कुठं मदत लागते आणि कुठं लागत नाही' एवढं त्याला दाखव. आणि तिच्या बापालाही कामाला लाव. अर्जावर सही करून तो मोकळा होत असेल तर पुढची रांग त्याची. व्यायाम त्याच्याकडं दे, आठवड्यातली एक दुपार त्याच्याकडं दे. त्या दुपारी तू झोप, माहेरी जा, काहीही कर, पण घरात राहून लक्ष ठेवू नकोस. तुझी पाठ धरली तर घर कोण ओढणार?

तर या आठवड्यात दोनच कामं. आधारवरची आणि पासबुकावरची नावं जुळतात का बघ, आणि यूडीआयडीचा अर्ज भर. पुढच्या आठवड्यात गवंड्याला बोलाव. तो आला की उतार कुठून काढायचा, दांडा किती उंच लावायचा, हे ती त्याला सांगेल. तू फक्त चहा टाक. तिला साखर किती ते मात्र तिलाच विचार.